पोकळ बुडाची गोळी : ठासणीच्या रायफलीपासून नेमबाजीच्या मैदानापर्यंत

प्रास्ताविक

इ. स. १८५७ च्या उठावाचा विषय निघाला की चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. शालेय पाठ्यपुस्तकांपासून संशोधनग्रंथांपर्यंत सर्वत्र ही हकीकत आढळते. मात्र त्या काडतुसाला मुळात वंगण लावण्याची गरज का पडली, त्यापूर्वी शिपाई वापरीत असलेल्या काडतुसांना ते का लागत नव्हते आणि गोळीभोवती कागद का गुंडाळावा लागे, या प्रश्नांचा विचार फारसा झालेला दिसत नाही. या प्रश्नांची उत्तरे गोळीच्या बुडाशी ठेवलेल्या एका लहानशा पोकळीत दडलेली आहेत.

पोकळ बुडाची गोळी हा शस्त्रविद्येतील एक साधा पण दूरगामी परिणाम घडविणारा शोध होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिने पायदळाच्या युद्धाचे स्वरूप बदलले, भारतातील एका मोठ्या उद्रेकाला निमित्त पुरविले, आणि पुढे रिव्हॉल्व्हर व नेमबाजीच्या क्रीडाप्रकारांतही तिने आपले स्थान टिकविले. प्रस्तुत लेखात या गोळीचे कार्यतत्त्व, तिचा विकास, १८५७ च्या घटनांशी असलेला तिचा तांत्रिक संबंध आणि आधुनिक काळातील तिचा उपयोग यांचे विवेचन केले आहे.

१. नळी, गोळी आणि त्यांमधील फट

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी ही दोन्ही नळीच्या तोंडातून आत सरकवून गजाने ठासावी लागत. त्यामुळे गोळीचा व्यास नळीच्या आतील व्यासापेक्षा कमी असणे आवश्यक होते. दारू जळल्यावर नळीत काजळी व कीट साचत असे. काही बार काढल्यानंतर ही कीट इतकी वाढे की घट्ट बसणारी गोळी आत जाणेच अशक्य होई. म्हणून लष्करी बंदुकीसाठी गोळी मुद्दाम बरीच लहान ओतली जात असे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दीर्घकाळ वापरात असलेल्या 'ब्राउन बेस' या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचे उदाहरण येथे घेता येईल. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच, तर गोळीचा व्यास सुमारे ०.६९ इंच होता. म्हणजे दोहोंमध्ये सुमारे दीड मिलिमीटरची फट राहत असे. या फटीमुळे भरणे सुलभ होई, सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढू शके. पण याच फटीतून स्फोटाचे वायू निसटून जात, गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा आघात जसा होईल तशी तिची दिशा ठरे. परिणामी शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरून मारा करणे हे बहुतांशी नशिबावर अवलंबून असे. पलटणीने रांगेत उभे राहून एकाच वेळी बार काढण्याची पद्धत या उणिवेतूनच रूढ झाली होती.

नळीच्या आत सर्पिल खाचा पाडल्या तर गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते आणि ती हवेत स्थिर राहते, हे ज्ञान युरोपात फार पूर्वीपासून होते. अशा खाचांच्या बंदुकीस रायफल म्हणतात. परंतु खाचांचा उपयोग होण्यासाठी गोळी त्यांत घट्ट रुतली पाहिजे, आणि ठासणीच्या बंदुकीत घट्ट गोळी भरणे कष्टाचे होते. इ. स. १८०० मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेल्या बेकर रायफलीत गोळीभोवती वंगण लावलेल्या कातड्याचा तुकडा गुंडाळून ती आत ढकलीत. नेम अचूक साधे, पण भरण्यास वेळ लागे. म्हणून रायफल ही निवडक तुकड्यांपुरतीच मर्यादित राहिली.

थोडक्यात, भरताना सैल आणि सुटताना घट्ट अशी गोळी हवी होती. या दोन गरजा परस्परविरोधी वाटत असल्या तरी त्यांची पूर्तता एकाच गोळीत करणे शक्य होते, कारण भरण्याची क्रिया आणि सुटण्याची क्रिया यांमध्ये एक महत्त्वाची घटना घडते. ती म्हणजे दारूचा स्फोट.

२. पोकळीचे कार्य

शिसे हा मऊ धातू आहे. पुरेसा दाब दिल्यास तो वाकतो, पसरतो आणि मिळेल त्या आकारात बसतो. गोळीच्या बुडाशी शंकूच्या किंवा वाटीच्या आकाराची पोकळी ठेवली की तिच्याभोवती शिशाची एक पातळ कड तयार होते. या कडेला घेर असे म्हणता येईल. दारू पेटल्यावर निर्माण होणारे वायू पोकळीत शिरतात. वायूचा दाब सर्व दिशांना सारखाच असतो. पोकळीच्या छतावर पडणारा दाब गोळीला पुढे लोटतो, तर आतील भिंतींवर पडणारा दाब घेराला बाहेरच्या बाजूस ढकलतो. घेर पातळ व मऊ असल्याने तो क्षणार्धात फुगून नळीला चिकटतो आणि खाचांमध्ये भरला जातो.

यातून तीन गोष्टी साध्य होतात. पहिली, वायूंची गळती थांबते व दारूची शक्ती वाया जात नाही. दुसरी, गोळी खाचांत रुतल्याने तिला फिरकी मिळते. तिसरी, बुडाकडील वजन कमी झाल्याने गोळीचा गुरुत्वमध्य टोकाकडे सरकतो आणि उड्डाणात तिचे टोक पुढे राहण्यास मदत होते. बॅडमिंटनच्या फुलाचे जड बूच नेहमी पुढे राहते, त्याच्याशी याची काही अंशी तुलना करता येईल.

या रचनेला मर्यादाही आहेत. घेर जाड असेल तर तो फुगत नाही. अति पातळ असेल तर तो फाटतो, किंवा नळीबाहेर पडताना वेडावाकडा होऊन गोळीची दिशा बिघडवतो. शिशात इतर धातू मिसळून ते कठीण केले तर पोकळी असूनही उपयोग होत नाही. म्हणजे घेराची जाडी, शिशाचा मऊपणा आणि दारूचे प्रमाण या तीन घटकांचा मेळ बसणे आवश्यक ठरते.

३. शोधाचा प्रवास

या कल्पनेच्या उगमाशी भारताचे नाव जोडले जाते. ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन जॉन नॉर्टन दक्षिण भारतात असताना त्याने तेथील लोकांच्या फुंकनळीतील बाण पाहिले. बाणाच्या मागील टोकास कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे आणि फुंकर मारताच तो फुगून नळी बंद करी. त्यावरून नॉर्टनला पोकळ बुडाच्या लांबट गोळीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्याच्या गोळीचा स्वीकार मात्र झाला नाही. इंग्लंडमधील बंदूक-कारागीर विल्यम ग्रीनर याने १८३५ च्या सुमारास गोळीच्या पोकळीत धातूची निमुळती खुंटी बसविण्याचा प्रयोग केला. स्फोटाच्या वेळी खुंटी आत घुसून गोळी फुगवी. चाचणीत गुण दिसूनही, दोन भागांची गोळी गैरसोयीची आहे या कारणास्तव ती नाकारण्यात आली.

फ्रान्समध्ये या प्रश्नावर अधिक चिकाटीने काम झाले. हेन्री-गुस्ताव्ह देलविन्य याने १८२६ मध्ये नळीच्या तळाशी अरुंद कप्पा ठेवून त्याच्या कडेवर गोळी गजाने ठोकून पसरविण्याची युक्ती काढली. पुढे थूवनँ याने नळीच्या तळाशी पोलादी खुंट बसवून त्यावर गोळी ठोकण्याची पद्धत आणली. या दोन्ही पद्धतींत गोळी फुगविण्याचे काम शिपायाच्या हाताला करावे लागे. १८४० च्या दशकाच्या अखेरीस क्लोद-एतिएन मिनिए याने ते काम स्फोटाच्या वायूंकडे सोपविले. त्याने लांबट गोळीच्या बुडाशी पोकळी ठेवून तीत लोखंडाची लहान वाटी बसविली. हीच पुढे 'मिनी गोळी' या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. ब्रिटिश सरकारने मिनिएला वीस हजार पौंड दिले. ग्रीनरच्या अग्रहक्काची दखल घेऊन त्याला एक हजार पौंड देण्यात आले ते १८५७ साली.

लोखंडी वाटीचा एक दोष होता. कधीकधी ती गोळीचे टोक भेदून निघून जाई आणि शिशाचे कडे नळीतच अडकून राही. पुढे वाटीऐवजी लाकडाची व नंतर भाजलेल्या मातीची खुंटी वापरली गेली. अमेरिकेत हार्पर्स फेरी येथील शस्त्रशाळेत जेम्स बर्टन याने खुंटी पूर्णपणे वगळून केवळ खोल पोकळी व पातळ घेर यांवर भागविता येते, हे दाखवून दिले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात दोन्ही पक्षांनी मुख्यत्वे याच जातीच्या गोळ्या वापरल्या. मऊ, जड व संथ अशी ही गोळी हाडाचा चुरा करीत असे. त्या युद्धात शल्यविशारदांना मोठ्या प्रमाणावर अवयवच्छेद करावे लागले, त्याचे एक प्रमुख कारण हेच होते.

४. एनफिल्ड रायफल आणि तिचे काडतूस

ब्रिटिश सैन्याने १८५३ मध्ये स्वीकारलेली एनफिल्ड रायफल ०.५७७ इंच व्यासाची होती. तिच्या ३९ इंच लांब नळीत तीन खाचा असून त्यांचा एक पूर्ण फेरा ७८ इंचांत होत असे. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी केवळ अर्धा फेरा घेई. गोळीचे वजन ५३० ग्रेन, अर्थात सुमारे ३४ ग्रॅम होते आणि सुरुवातीस तिचा व्यास ०.५६८ इंच ठेवण्यात आला होता. नळी व गोळी यांमधील फट सुमारे पाव मिलिमीटर इतकीच उरली होती. ब्राउन बेसच्या दीड मिलिमीटरशी तुलना केल्यास हा फरक किती मोठा आहे, हे ध्यानात येते.

वंगणाची गरज या पाव मिलिमीटरमध्ये आहे. जुन्या बंदुकीत गोळी सैल असल्याने नळीत साचलेल्या किटाचा फारसा अडथळा होत नसे, म्हणून तिच्या काडतुसाला वंगण लागत नव्हते. एनफिल्डची गोळी मात्र वंगणाशिवाय काही बारांनंतर आत सरकेनाशी होई. शिवाय फुगलेले शिसे नळीला घासून खाचांत साचण्याचा धोका होता. अमेरिकी गोळीच्या अंगावर वंगण धरून ठेवणाऱ्या गोल खाचा होत्या. एनफिल्डची गोळी बाहेरून गुळगुळीत होती. तिच्याभोवती कागद गुंडाळून त्या कागदावरच मेण व चरबी यांचे मिश्रण लावले जाई. अशा रीतीने वंगण काडतुसाच्या बाहेरील अंगावर आले, जेथे ते डोळ्यांना दिसे आणि बोटांना लागे.

काडतूस म्हणजे कागदाची एक सुरळी होती. तिच्या एका भागात दारू आणि दुसऱ्या भागात गोळी असे. कवायतीनुसार शिपाई दारूकडील टोक दातांनी तोडी, दारू नळीत ओती, काडतूस उलटे करून गोळीचा भाग नळीच्या तोंडात बसवी, उरलेला कागद फाडून टाकी आणि गजाने गोळी खाली ठाशी. दातांनी तोडण्याचे कारण व्यावहारिक होते. एक हात बंदूक सावरण्यात गुंतलेला असे. ही रीत नवी नव्हती, जुनी काडतुसेही दातांनीच तोडली जात. नवे होते ते वंगण आणि वेगळा दिसणारा कागद. वास्तविक वंगण गोळीच्या टोकाला असे आणि दात दारूच्या टोकाला लागत. परंतु काडतुसे गठ्ठ्यांत बांधलेली असत आणि उष्ण हवेत चरबी वितळून पसरणे स्वाभाविक होते. ज्याला चरबीचा स्पर्शही वर्ज्य होता, त्याला टोकांमधील अंतराचे स्पष्टीकरण पुरेसे वाटणे शक्य नव्हते.

५. १८५७ : वंगणाचा प्रश्न

या काडतुसांमुळे अडचण उद्भवेल याची सूचना वेळीच देण्यात आली होती. नवी काडतुसे हवामानाच्या चाचणीसाठी भारतात आली असता, १८५३ मध्ये बंगाल सैन्याचे अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी वंगण कोणाच्याही धर्मास बाधक नाही याची खात्री झाल्याखेरीज ती देशी शिपायांना देऊ नयेत, असे मत नोंदविले होते. त्या मताचा उपयोग करून घेतला गेला नाही. पुढे भारतात वंगणासाठी चरबीचा पुरवठा करण्याचे कंत्राट देताना ती कोणत्या जनावराची असावी याचा निर्बंध घालण्यात आला नव्हता. त्यामुळे शिपायांनी चरबीविषयी विचारलेल्या प्रश्नाला अधिकाऱ्यांकडे निःसंदिग्ध उत्तर नव्हते.

नव्या रायफलीच्या शिक्षणासाठी डमडम, अंबाला व सियालकोट येथे केंद्रे उघडण्यात आली होती. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने नकार देताच, गाईची व डुकराची चरबी दातांनी तोडल्यावर तुमची जात कोठे राहणार, असे तो म्हणाला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. बातमी छावण्यांतून वेगाने पसरली. २७ जानेवारी रोजी सरकारने शिक्षणकेंद्रांत वंगणरहित काडतुसे देऊन शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, अशी मुभा दिली. पुढे दातांऐवजी हाताने काडतूस फाडण्याची कवायतही आली. परंतु संशय आता वंगणावरून कागदाकडे आणि कागदावरून सरकारच्या हेतूकडे वळला होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस बऱ्हाणपूर नव्हे, तर बंगालमधील बेहरामपूर येथे १९ व्या देशी पलटणीने काडतुसे घेण्यास नकार दिला. २९ मार्च रोजी बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले व ८ एप्रिल रोजी त्यांना फाशी देण्यात आले. २४ एप्रिल रोजी मेरठ येथे तिसऱ्या घोडदळाच्या ९० शिपायांना काडतुसे देण्यात आली असता त्यांपैकी ८५ जणांनी ती नाकारली. विशेष म्हणजे ही काडतुसे जुन्याच प्रकारची होती आणि ती हाताने फाडण्याची नवी रीत दाखविण्यासाठी ही परेड बोलावण्यात आली होती. ९ मे रोजी या शिपायांच्या पायांत सर्वांदेखत बेड्या ठोकण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी मेरठमध्ये उठावाचा भडका उडाला.

काडतूस हे उठावाचे एकमेव कारण नव्हते. १८५६ मधील अवधचे विलीनीकरण, समुद्रापार सेवेची सक्ती करणारा त्याच वर्षीचा भरतीविषयक कायदा, जमीनमहसुलाची धोरणे आणि संस्थानिकांचा असंतोष ही कारणे इतिहासकारांनी सविस्तर मांडली आहेत. तथापि या विखुरलेल्या असंतोषाला एक दृश्य, हातात धरता येणारी वस्तू मिळाली ती काडतुसाच्या रूपाने. महाराष्ट्रातही तिची चर्चा पोहोचली होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले, त्यांच्या 'माझा प्रवास' या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात काडतुसांची हकीकत येते. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूर येथील २७ व्या देशी पलटणीनेही उठाव केला.

६. उठावानंतरचे परिणाम

ज्या रायफलीच्या काडतुसावरून ठिणगी पडली, तीच रायफल उठाव मोडण्यास उपयोगी पडली, हा या इतिहासातील विपर्यास म्हणावा लागेल. उठाव करणाऱ्या पलटणींकडे मुख्यतः गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुका होत्या. जुलै १८५७ मध्ये फत्तेपूरच्या लढाईत हॅवलॉकच्या फौजेने एनफिल्डचा मारा केला आणि विजयाच्या कारणांत त्याने या रायफलीचा आवर्जून उल्लेख केला.

उठावानंतर देशी शिपायांसाठी एनफिल्डसारख्याच दिसणाऱ्या, पण आतील खाचा काढून टाकलेल्या रुंद नळीच्या बंदुका तयार करण्यात आल्या. बाहेरून रायफल आणि आतून जुनी बंदूक अशी ही रचना होती. गोळी नळीत रुतणार नाही, पर्यायाने नेम दूरवर लागणार नाही, ही त्यामागील योजना होय. राज्यकर्त्यांचा अविश्वास एखाद्या कायद्याच्या कलमात शोधावा लागत नाही. तो या नळीच्या आतील गुळगुळीत पृष्ठभागावर स्पष्टपणे दिसतो.

तांत्रिक बाजूनेही बदल झाले. घट्ट गोळीमुळे भरण्यास अडचण येत असल्याचे दिसून आल्यावर १८५० च्या दशकाच्या अखेरीस एनफिल्डच्या गोळीचा व्यास ०.५५ इंचांपर्यंत कमी करण्यात आला. फट वाढली तरी खुंटी व पोकळी यांच्या साहाय्याने ती भरून निघत असे. १८६६ मध्ये स्नायडर पद्धतीने एनफिल्ड रायफली मागून भरण्याजोग्या करण्यात आल्या. पितळी कवचाचे काडतूस आले आणि दातांनी कागद तोडण्याची रीतच संपली. या नव्या काडतुसातील गोळीलाही पोकळ बूड व मातीची खुंटी होती. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला तो याच संक्रमणकाळात.

७. रिव्हॉल्व्हर आणि पोकळ बूड

मागून भरण्याच्या बंदुकीत गोळी नळीच्या तोंडातून आत सरकवावी लागत नाही. त्यामुळे ती प्रथमपासूनच नळीपेक्षा किंचित मोठ्या व्यासाची ठेवता येते. अशा स्थितीत पोकळ बुडाची गरज संपावयास हवी होती, परंतु रिव्हॉल्व्हरमध्ये ती वेगळ्या कारणाने टिकून राहिली. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्राच्या घरांत असतात. बार होताच गोळी घराच्या तोंडातून निघून लहानशी फट ओलांडते व मग नळीत शिरते. घराचे तोंड नळीपेक्षा अरुंद असल्यास गोळी तेथे दाबली जाऊन लहान होते आणि नळीत सैल पडते. पोकळ बूड असल्यास वायूंचा दाब तिला पुन्हा फुगवितो. ब्रिटिश सैन्यातील ०.४५५ इंची वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या शिशाच्या गोळ्यांना याच हेतूने पोकळ बूड दिलेले होते.

विसाव्या शतकात कागदी लक्ष्यावरील नेमबाजीसाठी सपाट तोंडाच्या, दंडगोल आकाराच्या गोळ्या लोकप्रिय झाल्या. त्यांना वॉडकटर म्हणतात. त्या कागदात स्वच्छ वर्तुळाकार छिद्र पाडतात व गुण मोजणे सोपे होते. ०.३८ स्पेशल या काडतुसासाठी वापरली जाणारी १४८ ग्रेन वजनाची पोकळ बुडाची वॉडकटर हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. ही गोळी मऊ शिशाची, लांब अंगाची आणि कमी वेगाची असते. २५ व ५० यार्डांवर तिची अचूकता वाखाणली जाते. मात्र सपाट तोंडामुळे तिचा वेग लवकर मंदावतो आणि त्याहून दूरच्या अंतरावर ती स्थिर राहीलच असे नाही.

८. हाताने भरलेली काडतुसे

वापरलेले पितळी कवच पुन्हा उपयोगात आणून त्यात नवी टोपी, दारू व गोळी बसविण्याचा उद्योग अनेक देशांतील नेमबाज करतात. त्यात कवच पूर्ववत मापाचे करणे, जुनी टोपी काढून नवी बसविणे, दारू तोलून घालणे, कवचाचे तोंड किंचित उघडून गोळी बसविणे आणि शेवटी तोंड मिटवणे अशी कामे येतात. पोकळ बुडाच्या गोळीच्या बाबतीत या कामात विशेष काळजी घ्यावी लागते. तिची कारणे एकोणिसाव्या शतकात आढळलेल्या दोषांशी थेट जुळतात.

पहिले कारण घेराचे. दारू जास्त झाल्यास पातळ घेर गोळीपासून तुटून नळीत अडकू शकतो. मिनिएच्या लोखंडी वाटीमुळे जे घडत असे, तेच येथे पुन्हा घडते. हे ध्यानात न आल्यास पुढील बाराला नळी फुगते किंवा फुटते. दुसरे कारण जागेचे. वॉडकटर गोळी कवचात जवळजवळ पूर्ण आत बसते, त्यामुळे दारूसाठी मोकळी जागा कमी उरते. जागा जितकी कमी, तितका दाब अधिक व अधिक जलद वाढतो. म्हणून भरीव गोळीसाठी ठरविलेले दारूचे प्रमाण या गोळीसाठी गृहीत धरता येत नाही. तिसरे कारण कवचाच्या तोंडाचे. ते पुरेसे उघडलेले नसेल तर मऊ घेर बसवितानाच खरवडला जातो आणि गोळीची सममिती नष्ट होते.

या कामात अंदाजाला स्थान नाही. उत्पादकाने प्रसिद्ध केलेली व त्या विशिष्ट गोळीसाठी असलेली प्रमाणेच ग्राह्य मानली जातात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे, ही बाबही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

९. पोकळ बूड आणि पोकळ टोक

सामान्य वाचनात पोकळ बुडाची गोळी आणि पोकळ टोकाची गोळी यांची गल्लत होते. दोहोंचे हेतू भिन्न आहेत. बुडाकडील पोकळीमुळे गोळी नळीत फुगते, टोकाकडील पोकळीमुळे ती लक्ष्यात शिरल्यावर पसरते व जखम वाढविते. पसरणाऱ्या गोळ्यांना 'डमडम' हे नाव मिळाले ते कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रशाळेत १८९० च्या दशकात तयार झालेल्या गोळ्यांवरून. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास बंदी घातली. पोकळ बुडावर अशी बंदी नाही. ज्या डमडममध्ये १८५७ च्या अफवेचा उगम सांगितला जातो, त्याच ठिकाणाचे नाव चाळीस वर्षांनी एका निषिद्ध गोळीला मिळावे, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

१०. छर्ऱ्यातील तेच तत्त्व

पोकळ बुडाचे तत्त्व आज सर्वाधिक प्रमाणात वापरले जाते ते हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीत. ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा मध्यभागी बारीक आणि मागे पोकळ घेर असलेला असतो. त्याचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. मागील पातळ घेर नळी बंद करतो व खाचांत बसतो आणि जड डोके पुढे राहते. स्पर्धेसाठीच्या छर्ऱ्याचे तोंडही वॉडकटरप्रमाणे सपाट असते. दहा मीटर एअर रायफल प्रकारात दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. महाराष्ट्राच्या अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आणि सुमा शिरूर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात अंतिम फेरीत पोहोचल्या. त्यांच्या रायफलीतील छर्रा हा कार्यतत्त्वाच्या दृष्टीने मिनिएच्या गोळीचाच वंशज होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) भरताना सैल व सुटताना घट्ट ही परस्परविरोधी गरज पोकळ बुडाच्या गोळीने स्फोटाच्या दाबाचाच उपयोग करून भागविली.

(२) एनफिल्डच्या काडतुसावरील वंगण ही गोळी व नळी यांमधील कमी झालेल्या फटीची तांत्रिक निष्पत्ती होती. वंगण आवश्यक होते, परंतु ते कोणत्या चरबीचे असावे यावर तंत्राचे कोणतेही बंधन नव्हते. ती निवड माणसांच्या हाती होती आणि तेथेच हेळसांड झाली.

(३) शिपायांचा आक्षेप अज्ञानमूलक होता असे म्हणता येत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता आणि सरकारी यंत्रणेस त्याचे खात्रीशीर उत्तर देता आले नाही.

(४) घेराची जाडी, शिशाचा मऊपणा व दारूचे प्रमाण यांचा मेळ हा नियम १८५३ च्या रायफलीस जसा लागू होता, तसाच तो आजच्या वॉडकटर काडतुसासही लागू आहे.

कोणतेही तंत्र वापरणाऱ्या माणसाच्या हातातून, आणि या उदाहरणात तर त्याच्या मुखातून, जात असते. गोळीची रचना करणाऱ्यांनी पाव मिलिमीटरच्या फटीचा सूक्ष्म विचार केला. ती गोळी ज्याने भरावयाची त्या शिपायाच्या श्रद्धेचा विचार तितक्या काळजीने झाला असता, तर निदान हे निमित्त तरी टळले असते.